तळे राखणाऱ्याचा रोजा

रमजानमध्ये दुपारच्या नमाजाआधी मशिदीच्या हौदावर एक साधी गोष्ट रोज घडते. मोंढ्यातला हमाल, गॅरेजमधला कारागीर, भाजीची गाडी सावलीत लावून आलेला विक्रेता असे सगळे काठावर बसून वजू करतात. हात धुतात, चूळ भरतात, तोंड धुतात. पहाटेच्या सहरीपासून त्यांच्या घशाखाली पाण्याचा थेंब गेलेला नसतो. चूळ भरताना तेच गार पाणी ओठांच्या आत, घशापासून दोन बोटांवर येते. एक घोट आत गेला तर शेजारी बसलेल्यालाही कळणार नाही. तरीही ते पाणी थुंकून टाकले जाते.

इतर उपासना दिसतात. नमाज पढणारा रांगेत दिसतो, हजला जाणाऱ्याला गाव निरोप देते, दान देणाऱ्याचा हात घेणाऱ्याला तरी ठाऊक असतो. रोजा मात्र दिसत नाही. तो आहे की मोडला, हे फक्त दोघांना माहीत असते, रोजेदाराला आणि अल्लाहला. म्हणूनच इस्लामी परंपरेत रोज्याला प्रामाणिकपणाची सर्वांत मोठी शाळा मानले गेले आहे.

पण शाळेत जाणारा प्रत्येक मुलगा पास होतोच असे नाही. हौदावर पाणी थुंकणारा माणूस तासाभराने तराजूपाशी, गल्ल्यापाशी किंवा सहीच्या कागदापाशी बसतो, तेव्हाही तो तोच असतो का? आणि ज्याच्यापुढे गल्ला कधी आलाच नाही, त्याच्या प्रामाणिकपणाची किंमत काय करायची? माणूस चांगला असतो म्हणून प्रामाणिक राहतो, की मोह समोर आला नाही म्हणून? हा प्रश्न जुना आहे. मराठीत तर त्याचे उत्तर एका म्हणीत देऊनच टाकले आहे: तळे राखील तो पाणी चाखील.

एका डब्याची गोष्ट

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी दोन वर्षांपूर्वी हा प्रश्न अगदी दारात येऊन उभा राहिला. गावाचे आणि माणसांचे नाव सांगण्यात काही हशील नाही; असे गाव कुठलेही असू शकते.

तिथल्या जमातीचा एक बैतुलमाल आहे, म्हणजे सार्वजनिक निधी. रमजानमध्ये लोक आपल्या शिलकी संपत्तीचा चाळिसावा हिस्सा जकात म्हणून काढतात. त्यातला काही भाग या निधीत येतो. सत्ताविसाव्या रोज्याला त्यातून गावातल्या विधवांना, आजाऱ्यांना आणि हातावर पोट असलेल्या कुटुंबांना शिधा आणि ईदचे कपडे दिले जातात. हिशेब एका गृहस्थाकडे होता. पहिल्या सफेतली त्याची जागा सहसा रिकामी दिसत नसे. अकरा वर्षे त्याने ही जबाबदारी एक पैसाही न घेता सांभाळली होती.

त्या वर्षी वाटपाच्या आदल्या दिवशी किराणा दुकानदाराचे बिल भागवायला पैसे कमी पडले. कमी पडलेली रक्कम होती चाळीस हजार. हिशेबनीस दिवसभर कोणाच्या नजरेला नजर देईना. तरावीहच्या नमाजानंतर तो स्वतःच हाजीसाहेबांच्या घरी गेला आणि सांगून मोकळा झाला. चार महिन्यांपूर्वी मुलीचे अचानक ऑपरेशन करावे लागले होते. डबा घरातच होता. पिकाचे पैसे आले की परत ठेवू, असे म्हणून त्याने आधी दहा हजार घेतले, मग आणखी. पीक आले, भाव पडला, पैसे परत गेलेच नाहीत.

वाटप थांबले नाही, कारण दुकानदाराने उधारीवर माल दिला. पण ईद संपल्यावर मशिदीमागच्या खोलीत बैठक बसली आणि खोलीचे दोन तट पडले.

“पाच वेळ अल्लाहसमोर उभा राहतो आणि विधवांच्या पैशाला हात लावतो? हा माणूस मुळातच खोटा. अकरा वर्षं आपण ओळखला नाही,” एक जण म्हणाला.

“खोटा कसा? अकरा वर्षं एक रुपया हलला नाही, मियाँ,” दुसऱ्याने ऐकवले. “तुझी पोरगी टेबलावर असती आणि डबा तुझ्या कपाटात असता, तर तू काय केलं असतंस?”

पहिल्या तटाच्या मते प्रामाणिकपणा हा स्वभाव आहे. असतो किंवा नसतो. दुसऱ्याच्या मते तो परिस्थितीचा मेहेरबानीचा भाग आहे; मोह पुरेसा मोठा असला की प्रत्येक जण घसरतो.

नमाजावरून माणूस कळतो का?

पहिल्या तटाची अडचण अशी की, स्वभाव बाहेरून दिसत नाही. दुसरे खलिफा हजरत उमर यांच्याबद्दल एक प्रसंग सांगितला जातो. एका माणसाच्या सचोटीची ग्वाही द्यायला दुसरा पुढे आला. उमरनी त्याला विचारले, तू त्याचा शेजारी आहेस का? नाही. त्याच्याबरोबर कधी प्रवास केलास? नाही. त्याच्याशी पैशाचा व्यवहार केलास? तोही नाही. मग त्याला मशिदीत उठताना-वाकताना पाहिले असशील, असे म्हणून उमरनी निर्वाळा दिला की, तू त्याला ओळखतच नाहीस.

शेजार, प्रवास आणि पैसा या तिन्ही ठिकाणी माणूस थकतो, अडचणीत येतो आणि त्याला फायद्याची संधी मिळते. उमरच्या कसोटीचा अर्थ सरळ आहे. मोह समोर आल्याशिवाय चारित्र्याबद्दल काही बोलता येत नाही. ज्याची परीक्षाच झाली नाही तो वाईट ठरत नाही, पण त्याला पासाचे प्रमाणपत्रही देता येत नाही.

पण एका परीक्षेवरून दुसरीचा निकाल लावता येतो का? १९२० च्या दशकात अमेरिकेत ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे या दोन संशोधकांनी हजारो शाळकरी मुलांना वेगवेगळ्या प्रसंगांत लबाडीची संधी देऊन पाहिली. कुठे उत्तरपत्रिका स्वतःच तपासायची होती, कुठे खेळातले गुण स्वतःच नोंदवायचे होते, कुठे पैसे हाताळायचे होते. १९२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनी अनेक शिक्षकांची झोप उडवली. पूर्ण प्रामाणिक आणि पूर्ण लबाड असे मुलांचे दोन गट पडलेच नाहीत. परीक्षेत नक्कल करणारे मूल पैशाला हात लावत नव्हते आणि पैशाला हात न लावणारे मूल खेळात खोटे गुण लिहीत होते. एका ठिकाणचा खरेपणा आपोआप दुसऱ्या ठिकाणी जात नव्हता.

रोजेदारालाही हे लागू पडते. पाण्याच्या घोटावर मिळवलेला ताबा पैशाच्या डब्यापर्यंत आपोआप पोहोचत नाही. प्रेषित मुहम्मदांनी ही गोष्ट फार आधी बजावून ठेवली होती. जो खोटे बोलणे आणि खोटे वागणे सोडत नाही, त्याने खाणेपिणे सोडण्याची अल्लाहला काही गरज नाही, अशा आशयाची हदीस प्रसिद्ध आहे. उपास पोटाचा घडतो, पण तो हातापर्यंत, जिभेपर्यंत आणि वहीपर्यंत न्यावा लागतो.

मोह मोठा झाला म्हणून?

मग दुसरा तट बरोबर म्हणायचा का? रक्कम मोठी झाली की माणूस पडतोच?

याचेही उत्तर जगाच्या पाठीवर शोधले गेले आहे. स्वित्झर्लंड आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी ४० देशांतल्या ३५५ शहरांत सतरा हजारांहून अधिक ‘हरवलेली’ पाकिटे बँका, हॉटेले, टपाल कार्यालये, पोलीस ठाणी अशा ठिकाणच्या कर्मचाऱ्यांच्या हाती दिली. भारतातली शहरेही त्यांत होती. पाकीट रस्त्यात सापडले, मालकाला कळवा, एवढेच सांगून देणारा निघून जाई. पाकीट पारदर्शक होते. आत मालकाची ओळख सांगणारे कार्ड, वाणसामानाची यादी आणि एक किल्ली होती. काही पाकिटांत पैसे होते, काहींत नव्हते.

पैसे असलेली पाकिटे कमी परत येतील, असाच बहुतेकांचा अंदाज होता. अर्थशास्त्रज्ञांनाही विचारले गेले आणि त्यांचाही अंदाज चुकला. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार रिकाम्या पाकिटांबद्दल साधारण ४० टक्के लोकांनी मालकाला कळवले, तर पैसे असलेल्यांबद्दल ५१ टक्के लोकांनी. अमेरिका, ब्रिटन आणि पोलंड या तीन देशांत पाकिटातली रक्कम सातपट करून पाहिली, तेव्हा हे प्रमाण ७२ टक्क्यांवर गेले. मोह वाढला तसा प्रामाणिकपणाही वाढला.

संशोधकांच्या मते याची कारणे दोन. एक म्हणजे पाकीट हरवलेल्या माणसाची काळजी. दुसरे म्हणजे स्वतःच्या नजरेत चोर ठरण्याची भीती. रिकामे पाकीट ठेवून घेतले तर आळस, भरलेले ठेवले तर चोरी. माणसाला दुसऱ्याचे पैसे आवडतात, पण स्वतःला चोर म्हणवून घेणे त्याहून जड जाते.

हिशेबनिसाच्या बाबतीत नेमकी इथेच गोम आहे. त्याने स्वतःला चोर म्हटलेच नाही. त्याने ‘घेतले’ असे म्हटले नाही, ‘वापरले’ म्हटले. ‘परत ठेवणार’ म्हटले. दहा हजारांना एक कारण सापडले आणि पुढच्या तीस हजारांना त्या कारणाने वाट करून दिली. मोह क्वचितच मोह म्हणून दारात येतो. बहुतेक वेळा तो गरज, हक्क किंवा उसनवारीचे कपडे घालून येतो.

आणखी एक गोष्ट बैठकीत हळूहळू पुढे आली. पैसे मागितले असते तर त्याला मिळाले असते. बिनव्याजी कर्ज देण्याची, कर्जे-हसनाची, सोय त्याच निधीतून होती. पण अकरा वर्षे देणाऱ्याच्या जागी बसलेल्या माणसाला घेणाऱ्यांच्या रांगेत उभे राहणे जमले नाही. ‘भला माणूस’ ही गावातली ओळख त्याला इतकी प्यारी झाली होती की, ती वाचवण्यासाठी तो भलेपणाच गमावून बसला. तसे पाहिले तर त्याचा मोठा मोह पैशाचा नव्हता, इभ्रतीचा होता.

दोन नावे, एक चूल

त्याच वर्षी वाटपात आणखी एक घटना घडली. तिचा गवगवा झाला नाही. चार घरी स्वयंपाक करून मुलांना शिकवणारी एक विधवा शिध्याची पिशवी घेऊन गेली आणि तासाभराने दुसरी तशीच पिशवी घेऊन परत आली. यादीत तिचे नाव वेगळे होते आणि तिच्या सासूचे वेगळे. दोन्ही पिशव्या घरी पोहोचल्या होत्या.

“यादीत दोन्ही नावं आहेत, खाला. ठेवून घ्या,” वाटप करणारा पोरगा म्हणाला.

“नावं दोन आहेत बेटा, चूल एकच आहे,” असे म्हणून तिने पिशवी टेबलावर ठेवली आणि ती निघून गेली.

मोहाशिवाय प्रामाणिकपणाला अर्थ नाही असे म्हणणारे अनेकदा नकळत एक अन्याय करतात. गरिबाचा प्रामाणिकपणा म्हणजे संधी न मिळाल्याचा परिणाम, असे ते धरून चालतात. वस्तुस्थिती उलटी आहे. धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या हाती रोज दुसऱ्याच्या घरातली उघडी कपाटे असतात. रिक्षावाल्याच्या मागच्या सीटवर लोक पिशव्या विसरतात. हमालाच्या पाठीवर दुसऱ्याचा माल असतो. ज्याच्या खिशात पन्नास हजार आहेत त्याने पाचशेची नोट परत केली, तर त्यात मोह कुठे होता? ज्याच्या घरी रात्री पीठ नाही त्याने ती परत केली, तर खरी परीक्षा तिथे झाली. मोहाचे माप रकमेवरून काढायचे नसते, गरजेवरून काढायचे असते.

इस्लामी इतिहासाला हा फरक माहीत होता. हिजरी १८ मध्ये अरबस्तानात भीषण दुष्काळ पडला. त्या काळात हजरत उमर यांनी चोरीची ठरलेली शिक्षा स्थगित ठेवली, असे इतिहासकार सांगतात. पोटातल्या आगीने केलेली चोरी आणि भरल्या पोटी केलेली चोरी त्यांनी एका तराजूत तोलली नाही.

त्या बाईची पिशवी दोन्ही तटांना निरुत्तर करते. मोह पुरेसा मोठा असला की प्रत्येक जण घसरतो म्हणणाऱ्यांपुढे ती घसरली नाही. नमाजाच्या सफेवरून माणूस ओळखणाऱ्यांच्या यादीत तर तिचे नाव कधी नव्हतेच.

“हाजीसाब, किल्ल्या किती?”

बैठकीत हिशेब तपासायला गावातल्याच एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांना बोलावले होते. सगळे त्यांना काका म्हणतात. चाळीस वर्षे हाजीसाहेबांचे शेजारी. दिवाळीचा फराळ आणि ईदचा शिरखुर्मा एकाच भिंतीवरून इकडून तिकडे जातो. दोन्ही बाजू ऐकून घेतल्यावर त्यांनी चष्मा काढला.

“हाजीसाब, डब्याला किल्ल्या किती?”

“एक. त्याच्याजवळच.”

“पावतीपुस्तक?”

“ते पण त्याच्याजवळ.”

“आणि हिशेब फळ्यावर शेवटचा कधी लावला होता?”

हाजीसाहेबांनी आठवून पाहिले. “लावायची गरज नाही वाटली, काका. आपलाच माणूस.”

“आमच्या बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असायच्या,” काका म्हणाले. “एक मॅनेजरकडे, एक कॅशियरकडे. दोघांवर संशय होता म्हणून नाही. दोघांवर संशय येऊ नये म्हणून. तुम्ही त्याच्यावर विश्वास टाकला असं म्हणता. मला वाटतं, तुम्ही ओझं टाकलं.”

खोलीत कोणी बोलले नाही. मग मौलानासाहेबांनी एक गोष्ट सांगितली, आणि ती ऐकून वाद थंडावला. कुरआनमधली सर्वांत लांब आयत कोणती? ती नमाजाबद्दल नाही, रोज्याबद्दलही नाही. ती आहे सूरह बकरहमधली २८२ वी आयत आणि तिचा विषय आहे उधारीचा व्यवहार लिहून ठेवणे. मुदतीचा व्यवहार असेल तर लिहून घ्या, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय आहे. ज्या ग्रंथात अल्लाहची भीती बाळगा असे वारंवार सांगितले आहे, त्याच ग्रंथाने कागद आणि साक्षीदारही मागितले. श्रद्धावंतांना उद्देशूनच मागितले.

प्रेषितांच्या काळातला एक प्रसंग याच धाग्यातला. जकात गोळा करायला पाठवलेला एक अधिकारी परत आला आणि म्हणाला, हा माल तुमचा, आणि हा मला भेट म्हणून मिळाला आहे. प्रेषितांनी मिंबरवर उभे राहून सगळ्यांसमोर विचारले की, हा आपल्या आईबापाच्या घरी बसून राहिला असता, तर ही भेट त्याच्याकडे चालत आली असती का? भेट त्या माणसाला नव्हती, खुर्चीला होती. खुर्ची मिळाली की तिच्यासोबत मोहही मिळतो. आजच्या सरकारी कचेरीत, पतसंस्थेत, ग्रामपंचायतीत दिवाळीच्या मिठाईचे डबे पोहोचतात, तेव्हाही हाच प्रश्न विचारता येतो.

मौलानांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले. जकातीचे हक्कदार कोण, याची कुरआनमध्ये जी आठ जणांची यादी आहे, तिच्यात ती गोळा करणारे कर्मचारीही आहेत. म्हणजे गरिबांच्या पैशातून त्यांना मोबदला द्यायला धर्माचीच परवानगी आहे. जमातीने अकरा वर्षे एका माणसाला फुकट राबवले आणि त्यालाच पुण्य म्हटले.

दाराकडे धावणारा

तर मग उत्तर काय? चारित्र्य खरे, की मोहाचा अभाव? कदाचित प्रश्नच थोडा वाकडा विचारला जातो. जणू चारित्र्यवान माणूस म्हणजे मोहाच्या मध्यभागी खांबासारखा उभा राहणारा.

विल्हेल्म हॉफमन आणि सहकाऱ्यांनी जर्मनीत २०५ प्रौढांना दिवसभर मधूनमधून विचारत राहून त्यांच्या इच्छा आणि मोह नोंदवून घेतले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, ज्यांचा स्वतःवर ताबा अधिक होता, ते मोहाशी जास्त झुंजताना दिसायला हवे होते. पण त्यांच्या आयुष्यात अशी ओढाताणच कमी आढळली. संयमी माणसाचे कौशल्य कुस्ती जिंकण्यात असते, तितकेच कुस्तीचा आखाडा टाळण्यातही असते.

हजरत यूसुफ यांची कथा कुरआन, बायबल आणि यहुदी परंपरा या तिन्हींत आहे. ज्या घरात ते राहत होते, त्या घरच्या मालकिणीने दारे बंद करून त्यांना मोहात पाडायचा प्रयत्न केला. कुरआनमधले यूसुफ तिथे थांबून आपला निग्रह आजमावत बसले नाहीत; ते दाराकडे धावले. त्यांचा सदरा मागून फाटला आणि तो मागून फाटला होता हाच त्यांच्या निर्दोषपणाचा पुरावा ठरला. त्याच सूरहमध्ये पुढे कबुली येते की, माणसाचे मन, त्याचा नफ्स, वाइटाकडे ओढणाराच असतो. वाचतो तो परमेश्वराच्या कृपेने. आणि याच यूसुफनी नंतर मिसरच्या धान्यकोठारांची जबाबदारी स्वतःहून मागून घेतली. आपले मन ओढाळ आहे हे मान्य करणाऱ्याच्या हाती दुष्काळातली कोठारे सोपवली गेली.

हे ज्ञान फक्त एका धर्माचे नाही. ख्रिस्ती बांधव रोजच्या प्रार्थनेत, आम्हाला मोहात पडू देऊ नकोस, अशी याचना करतात. देहूच्या तुकोबांनी शिवाजी महाराजांनी पाठवलेला नजराणा परत केला, असे परंपरा सांगते. मोह किती मोठा आहे हे तपासायला त्यांनी तो घरात ठेवून घेतला नाही. दारातूनच परत पाठवला.

आपल्याला काय ओढते हे ओळखणे, त्यापासून अंतर ठेवणे, आणि अंतर ठेवता येत नसेल तिथे साक्षीदार ठेवणे, हाही चारित्र्याचाच भाग आहे. दोन कुलपे मागणारा माणूस दुबळा नसतो. तो स्वतःला ओळखणारा असतो. पण कुलपे सगळीकडे लावता येत नाहीत. त्या बाईच्या घरातल्या दोन पिशव्यांवर कोणते कुलूप होते? हौदावरच्या घोटावर कोणता साक्षीदार होता? जिथे व्यवस्था संपते, तिथून पुढे माणूस एकटाच उरतो. रोज्याची तालीम त्या पुढच्या वाटेसाठी आहे.

रमजानमध्ये शैतान जखडले जातात, असा हदीसमध्ये उल्लेख आहे. मग या महिन्यात जे खोटे वजन होते, जी खोटी सही होते, तिचा दोष कोणावर टाकायचा? बाहेरचा बांधलेला असताना जे उरते ते आतले. वर्षातून एकदा माणसाला स्वतःचे मन उघडे करून दाखवायची ही सोय आहे. बघायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

वीस हप्ते

त्या गावात मग तीन गोष्टी ठरल्या. डब्याला दोन कुलपे आणि दोन वेगवेगळ्या घरी किल्ल्या. दर जुम्म्याला तिघांनी मिळून मोजणी आणि महिन्याचा हिशेब मशिदीच्या फळ्यावर. हिशेब ठेवणाऱ्याला थोडा का होईना, मोबदला. हिशेबनिसाने दरमहा दोन हजार परत करायचे ठरवले. त्याच्यावर तक्रार करायची की नाही यावर बरीच चर्चा झाली. शेवटी, कबूल केले आणि भरून देतो आहे, यावर बैठक थांबली. सगळ्यांचे समाधान झाले नाही. काही जण अजूनही त्याच्या सलामला मान वळवून उत्तर देतात.

पहिल्या सफेतली जागा त्याने सोडली. आता तो मागच्या कोपऱ्यात उभा राहतो. वीस महिने एकही हप्ता चुकला नाही. फळ्यावर इतर जमाखर्चाबरोबर त्याचा हप्ताही लिहिला जाई, नावासकट. तशी त्यानेच विनंती केली होती. शेवटचे दोन हजार या रमजानच्या आधी जमा झाले.

त्या जुम्म्याला हाजीसाहेबांनी त्याला थांबवून घेतले. काकाही आले होते.

“दुसरी किल्ली तुझ्याकडे ठेवायची म्हणतोय,” हाजीसाहेब म्हणाले. “काकांचंही तेच म्हणणं आहे.”

तो बराच वेळ खाली बघत राहिला.

“किल्ली नको, हाजीसाब,” तो म्हणाला. “मोजायला बसतो. पण दोघांच्या मध्ये बसवा.”

तेव्हापासून दर जुम्म्याला तो मोजायला बसतो. डावीकडे किराणा दुकानदार, उजवीकडे जमातीतला एक तरुण. नोटा मोजून झाल्या की आकडा तो मोठ्याने सांगतो, बाकीचे दोघे लिहून घेतात, आणि मग तिघेही असरच्या नमाजाआधी वजू करायला हौदावर जातात.